नागलीचा केक
वेलचीचा वास आला की खोडाळ्यातली ती दुपार आठवते आणि अजून तोंड कडू होतं. शहरातून एक बाई आम्हा अंगणवाडी सेविकांना नागलीचा, म्हणजे नाचणीचा, वेलची घातलेला केक शिकवायला आल्या होत्या. त्यांनी विजेचा ओव्हन आणला होता, आणि वीज तर सकाळपासूनच गेलेली. "तुमच्याकडे काही होणारच नाही," म्हणत त्या नाकाला रुमाल लावून खुर्चीत बसल्या. अंगणवाडीत खिचडी रांधणारी म्हातारी म्हणाली, "बाय, माझ्याकडं द्या. निखाऱ्यावर हळूहळू व्हईल." बाईंनी कृतीचा कागद नाचवला, "यात पंचवीस मिनिटं लिहिलीत. वाचता येतं का?" त्यांच्याबरोबर मीही हसले. म्हातारीनं मिश्रणात दूध कमी घातलं. "झाकणात पानी आटत नाय," एवढंच ती म्हणाली. पातेल्यात वाळू घालून तिनं मिश्रणाचा डबा आत ठेवला, झाकणावर निखारे पसरले आणि दीड तास जाळ वाढू दिला नाही. केक मऊसूत झाला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले, कागदावरचं दुधाचं माप आणि वेळ खोडून म्हातारीचं माप आणि वेळ लिहिली, आणि खाली स्वतःची सही ठोकली. त्या बाईला मी आजही हलकट म्हणते. पण म्हातारीबरोबर पुढं चार वर्षं काम करूनही तिचं नाव मी कधी विचारलं नाही.