चोरून पाजलेलं दूध

कुणी उपाशी दिसलं की आक्काच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा ती "जेवलास का?" असं विचारल्याशिवाय सोडत नसे. अशा बाईवर कालवड उपाशी ठेवायची वेळ आली, म्हणजे काय झालं असेल ते बघा.

कालवडीच्या बेंबीची लिंबाएवढी गाठ वाढत वाढत पेरूएवढी झाली होती. हे गळूच, असं ठरवून दीर पातं उकळून फोडायला बसला. नशीब थोर, जनावरांच्या डॉक्टरीणबाई शेजारच्या गोठ्यात आल्या होत्या. त्यांनी कालवडीला उताणं केलं आणि गाठ हलकेच दाबली, तशी ती सुळकन पोटात गेली.

"पू नाही हा, आतडं आहे. बेंबीपाशी पोटाला भोक राहिलंय. फोडलं असतंत तर मेली असती."

दिराने पातं गुपचूप खिशात घातलं.

भोक शिवायचं ठरलं. आदल्या संध्याकाळपासून दूध बंद. गाय म्हातारी, तिचं हे शेवटचं वेत. कालवड गेली की गोठा ओस. आक्काला हे सगळं कळत होतं. पण कालवड हंबरायची, गाय ओ द्यायची, आणि पहाटे आक्काचा धीर सुटला. दोनच घोट म्हणून तिने दावं सोडलं. कालवड पोट टम्म होईस्तोवर प्यायली.

डॉक्टरीणबाईंनी भुलीची सुई भरली. "उपाशी आहे ना?"

"कडकडीत!" दिराने ठोकून दिलं.

आक्काने सुईआड हात धरला. "थांबा बाई! मी पाजलंय."

"वहिनी!" दीर कपाळावर हात मारून खालीच बसला.

बाईंनी सुई ठेवून दिली. "भुलीत दूध उलटून श्वासात गेलं असतं. उद्या येते." एवढंच बोलल्या.

त्या दिवशी आक्काने कालवड दिराच्या गोठ्यात नेऊन बांधली आणि बाहेरून कुलूप घालून किल्लीही त्याच्याच हवाली केली.

दुसऱ्या दिवशी बाईंची सुट्टी होती, तरी आल्या. आतडं आत सारलं, भोकाच्या कडा ओढून पक्के टाके घातले. कालवड लटपटत उठली तेव्हा आक्काचा जीव भांड्यात पडला. तिने बाईंचे हात घट्ट धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू? काल रागावलासुद्धा नाहीत."

"रागावले असते, तर पुढच्या वेळी सांगितलं असतंत?"

"नसतं हो सांगितलं," आक्का म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.