चकलांब्यावरून जाणारं विमान

पुण्याहून नागपूरला विमान सव्वा-दीड तासात पोचतं, हे सांगितल्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, पहिला प्रश्न विचारला, "वाटंत आपलं गाव लागतं का?" नकाशावर पट्टी धरून बघितलं. रेघ आमच्या चकलांब्याच्या जरा उत्तरेकडून जात होती. तिथेच ठरलं. ताईकडे नागपूरला जायचंच होतं. पूर्वेच्या गावासाठी आधी पश्चिमेला पुणे गाठणं हा उफराटा कारभार, मान्य. पण आबांनी जन्मभर मेंढरं राखताना डोक्यावरून जाणारी विमानं बघितली आहेत. एकदा वरून आपलं रान बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

निघताना त्यांनी आईला बजावलं, "अकराच्या पुढं मेंढरं नांगरलेल्या रानात हुभी कर. म्या वळखतो."

शेवगाव, नगर करत पुण्याला पोचायला बसने सहा तास लागले. मुक्काम मित्राकडे. तुम्ही जाणार असाल तर तिकीट महिनाभर आधी काढा आणि उजवीकडची खिडकी घ्या. भाकरी-चटणी आत नेऊ देतात. आबांची काठी मात्र तपासणीत फिरवून फिरवून बघितली.

विमानाला दोन तास उशीर झाला. आईला कळवावं तर आमच्या रानात रेंज नाही.

उडाल्यावर आबांनी विचारलं, "पुणं ते आपलं गाव, मेंढरं घिऊन किती मुक्काम व्हतील?"

"तुम्हीच सांगा."

"पंधरा तर व्हतील." तेवढ्यात पलीकडच्या खिडकीत आमच्या गावाअलीकडचं धरण, नाथसागर, चमकलं. घड्याळात पंचवीस मिनिटंही झाली नव्हती. आबा काचेला नाक लावून बसले. खाली काळ्या, तांबूस पट्ट्या सरकत होत्या. ते एकेका पट्टीवर बोट ठेवत गेले. मग हळूच म्हणाले, "आरं, काळ्या रानात काळी मेंढरं. कशी दिसतील? माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. नागपूर येईपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

ताईकडे चार दिवस छान गेले. परतीला मुकाट्याने बस धरली. दिवस मोडला, पण गावाजवळ गेवराईला थेट उतरलो.

घरी आईने पाण्याचा तांब्या देत विचारलं, "दिसलो का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "मेंढरं काळी, रानबी काळं."

"ते मला सकाळीच उमगलं. म्हनून तुमचं पांढरं धोतर घिऊन गेलते. पर तुमचं इमान कोणतं, ते कसं कळावं? जे आलं त्याला हालवलं. दिस कलंपतूर."

आबांनी तांब्या खाली ठेवला. "लई हात दुखला आसंल," एवढंच म्हणाले.

अंतराचं म्हणाल तर सहाशे किलोमीटर, सव्वा-दीड तास, हा हिशेब बरोबर आहे. परवा रानात गेलो होतो. वरून विमान चाललं होतं. आबांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि ते दिसेनासं होईपर्यंत हलवत राहिले.

"आता कोण हाय त्यात?" मी विचारलं.

"आसंल की कुणीतरी, खिडकीपाशी बसल्यालं."