गिरणीतला सहावा फोन

यशवंतदादा गेल्याचं मला भाताच्या गिरणीत कळलं. पाड्यावर लसी देऊन मी खाली उतरले होते आणि नेहमीसारखी सडकेवरच्या गिरणीत पाणी प्यायला थांबले होते. मला बघताच गिरणीवाल्या शांतारामने यंत्र बंद केलं. भात घेऊन माणसं रांगेत बसलेली असताना शांताराम कधी यंत्र बंद करत नाही. "सिस्टर, बुवापाड्यातना फोन आला व्हता," तो म्हणाला. "दादा गेलं." सकाळी छातीत दुखतंय म्हणून ते रिक्षात बसले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... मी तिथल्याच एका पोत्यावर बसले. समोरच्या भिंतीवर चहाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. माणूस गेला आणि हा आपला खुशाल चालू, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

अंबरनाथला बुवापाड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. यशवंतदादा इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यक होते. म्हणजे मुलांना वायरी काढून द्यायच्या, मोडलेलं दुरुस्त करायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. पण कुलूप लावायच्या आधी तिथल्या कॉम्प्युटरवर बसून, जाडजूड इंग्रजी पुस्तकं शब्दकोशाच्या मदतीने वाचून हा माणूस मोबाइलमध्ये चालणारे प्रोग्रॅम लिहायला शिकला. रविवारी ते उल्हासनगरच्या बाजारात जुने मोबाइल धुंडाळत हिंडायचे. एक सिंधी दुकानदार त्यांना लांबूनच हाक मारायचा, "आओ साईं, आज कौनसा कबाड़ चाहिए?" कमलवहिनी म्हणायच्या, या घरात खायला बसायचं तर आधी ताटाच्या जागेवरचे स्क्रू उचलावे लागतात. मीही त्यांना बोलायला कमी करत नसे. सगळ्यांसारखे तेही मला सिस्टर म्हणत आणि माझं बोलणं औषधासारखं मुकाट्याने गिळत.

तेव्हाही मी बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरच नर्स होते. चार पाडे, चार आशाताई आणि एक रजिस्टर, तेही आरोग्य केंद्रातल्या कपाटात. भात झोडून झालं की निम्मी घरं वीटभट्ट्यांवर निघून जायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परत यायची. एखादं मूल आईबरोबर दुसऱ्या पाड्यावर मामाकडे असलं, की त्याची लस इकडच्या बाईलाही ठाऊक नसायची आणि तिकडच्याही. हे फोन येण्याआधीच्या वर्षी भट्टीवर गेलेलं एक मूल गोवराने गेलं. त्याच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'गैरहजर' लिहिलेलं होतं. एकदा घरी आणलेलं रजिस्टर गॅलरीत पसरून मला रडत बसलेलं यशवंतदादांनी पाहिलं.  दोन दिवसांनी येऊन त्यांनी विचारलं, की पाड्यावर रेंज येत नाही तर नाही, पण या बाया एकमेकींना भेटतात ना?

त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकीच्या फोनमध्ये मुलांची यादी ठेवायची. दोन फोन एकमेकांच्या जवळ आले, की त्यांनी आपणहून एकमेकांना ओळखायचं, 'तुझ्याकडे आमची यादी आहे का' असं विचारायचं आणि एकीकडे नसलेली नावं दुसरीकडून घ्यायची. त्याला ना टॉवर लागणार, ना पैसे. उल्हासनगरहून त्यांनी एका जातीचे पाच जुने फोन आणले, चौघींना चार आणि मला एक. केंद्रातल्या डॉक्टरांनी मान्यता दिली, पण अटीवर. माणसं भट्टीवर निघण्याआधी पाचही याद्या जुळल्या तर ठीक, नाहीतर फोन गोळा करायचे आणि पुन्हा हे नाव काढायचं नाही.

महिना गेला तरी एक नाव इकडचं तिकडे गेलं नव्हतं. रजा टाकून यशवंतदादा माझ्याबरोबर बदलापूरहून एसटीने आले, पुढे चढ चढून यमुनाच्या घरी पोचले. यमुना आमची सगळ्यात हुशार आशाताई. तिने भाताच्या कणगीत हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन बाहेर काढला. बंद. "रेंज नाय तं चालू कशाला ठेवायचा?" ती म्हणाली. "बॅटरी फुकट जातंय." चौघींनीही तेच केलं होतं. एकीने मेणबत्ती जपावी तसा जपला होता. माझा पारा चढला, मी तिला भरपूर सुनावलं. यशवंतदादा मात्र हसायला लागले. म्हणाले, "चूक तिची नाही, सिस्टर. मी कॉलेजात बसून लिहिलं, तिथं चोवीस तास लाइट आहे." मग यमुनासमोर मांडी घालून बसले आणि विचारलं, की बाई, हा चार्ज कुठे करता?

पाड्यावर तेव्हा वीज नव्हती. भात भरडायला गिरणीत यायचं, तेव्हा शांतारामच्या बोर्डावर फोन लावायचा आणि तांदूळ होईस्तोवर तिथेच बसायचं, अशी पद्धत पडली होती. यशवंतदादांनी पंधरा दिवसांत सगळं नव्याने लिहिलं. आता फोनने एरवी गप्प झोपायचं आणि चार्जर लागला की जागं होऊन शेजारी कोण आहे ते शोधायचं. पण चौघी एकाच दिवशी गिरणीत येणार नाहीत, म्हणून तिथे कायम एक फोन हवा होता. त्या जातीचा फोन बाजारात काही मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या फोनमधलं कार्ड काढलं, तो फोन चहाच्या डब्यात ठेवून डबा भिंतीला ठोकला आणि मोकळ्या हातांनी घरी गेले. त्यानंतर त्यांनी मोबाइल घेतलाच नाही. काही काम असलं तर कमलवहिनी घरच्या जुन्या फोनवर त्यांच्यासाठी आलेले निरोप घेत आणि माझ्याजवळ कुरकुरत.

ठरल्या दिवशी डॉक्टर रजिस्टर घेऊन गिरणीतच आले. शांतारामने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. मी एकेक नाव वाचत होते, चौघी आपापल्या फोनमध्ये बघून हो म्हणत होत्या, आणि भात घेऊन आलेली माणसं आपला नंबर विसरून भोवती उभी राहिली होती. मग यमुना म्हणाली, "सोनीचा राह्यला." सोनी रजिस्टरात गैरहजर होती. डॉक्टरांनी दाखवलंही. पण सोनी पाचही फोनमध्ये होती. दुसऱ्या पाड्यावर आजोळी आहे, गोवराची लस बाकी आहे, उद्या सकाळी भट्टीवर निघणार. तिथल्या आशाताईने दोन दिवसांपूर्वी नोंदलं होतं आणि काल यमुनाने चार्जर लावल्यावर ते तिच्याकडे आलं होतं. मी लसींची थंड पेटी उचलली आणि तशीच चढाला लागले. दिवस मावळायच्या आत सोनीच्या दंडात सुई टोचली. ती अशी काही किंचाळली, की तेवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. खाली आले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर 'चालू ठेवावे' असं लिहून सही केली होती. शांतारामने सगळ्यांना चहा पाजला. यशवंतदादा दाराशी उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते एवढंच म्हणाले, "पाचही सारख्या, सिस्टर." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

त्या हंगामात आणि पुढच्या दोन्ही हंगामांत आमचं एकही मूल लस चुकवून भट्टीवर गेलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते, कारण ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. कॉलेजात कुणाला पत्ता नव्हता. बुवापाड्यातल्या बुद्धविहारात शोकसभा झाली, तेव्हा उंच पाड्यांवरून चौघीजणी मुलांना कडेवर घेऊन आल्या आणि कॉलेजातल्या त्यांच्या साहेबांना कळेना, की आपल्या साहाय्यकासाठी या कोण रडतायत.

गेल्या आठवड्यात पुन्हा गिरणीत गेले. तो फोन घरी न्यायचा म्हणून कमलवहिनीही बरोबर होत्या. भात झोडून झालंय, गिरणीत बसायला जागा नव्हती. वहिनींनी डब्यात हात घातला, फोन थोडा वेळ तळहातावर धरला, पदराने त्यावरचा कोंडा पुसला आणि पुन्हा डब्यात ठेवला. "इथंच राहू दे," म्हणाल्या. मी माझा फोन बोर्डाला लावला. यंत्राच्या धडधडीत काही ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावर शेजारच्या फोनचं नाव उमटलं, त्यांनी ठेवलेलं, यशवंत. मग चौघींच्या नोंदी भराभर उतरल्या. निघायच्या बेतात असलेली सगळी घरं, सगळी मुलं. मी शेवटपर्यंत वाचलं. लस बाकी असलेलं एकही नाव नव्हतं... मी डब्याकडे बघून म्हटलं, "पाचही सारख्या, दादा."