शेवटच्यासाठी थांबणारा

आज ग्रामपंचायतीच्या शिपायानं विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली. तो उग्र वास नाकात शिरला आणि मी पंचवीस वर्षं मागं, याच विहिरीच्या पायरीवर जाऊन बसलो. शेजारी माझा दोस्त गौतम, दोघांचे पाय गार पाण्यात, टाचांखाली बुळबुळीत शेवाळ.

शेलूबाजारच्या हॉटेलात टीव्हीवर ऑलिम्पिकचं पोहणं पाहून आम्ही नुकतेच परतलो होतो. पोहता आम्हा दोघांनाही येत नव्हतं, तरी त्या दोन परदेशी जलतरणपटूंत मोठा कोण, यावर भांडण पेटलेलं.

"माह्यावाल्याचे मेडल पाह्य," मी म्हटलं.

"पाह्यले. पण माह्यावाला जिंकल्यावर लगेच बाहेर निघत नाही. शेवटचा येईपर्यंत पाण्यातच थांबते. मोठा थोच."

"थांबल्यानं मेडल भेटते काय बे?" मी खदाखदा हसलो. तो चिडला नाही, नुसता पाय हलवत राहिला. त्याच्या पायांची वर्तुळं माझ्या पायांपर्यंत येत होती.

गौतमला जाऊन दोन वर्षं झाली. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. ती धरून मी वाकलो.

"तुह्यावालाच मोठा होता, गौतम," मी म्हटलं. "पण तू काहून नाही थांबला?"