शरयूची जागा

शुक्रवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सकाळी साडेअकरा. स्लाऊचं क्रेमॅटोरियम. हजर : शरयूचा नवरा अविनाश, नॉटिंगहॅमहून आलेली मुलगी इरा, शरयूच्या ऑफिसातले सहा जण, इथल्या मराठी ओळखीच्यांपैकी पंधरा, आणि आमच्या ड्रम कोअरमधले एकतीस, सगळे गणवेशात. तिचा नागपूरचा भाऊ फोनच्या पडद्यावर. मी मोजलं, कारण मोजणं ही माझी सवय आहे आणि त्या सकाळी मला दुसरं काही करता येत नव्हतं. दारासमोर आमचे वादक अर्धवर्तुळात उभे राहिले आणि त्यांनी या सीझनमधली सगळ्यांत संथ चाल वाजवली. डावीकडून नववी जागा रिकामी होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ती आपसूकच सोडली होती... शरयूची. माझ्या शेजारी कुणीतरी हळूच म्हणालं, "किती छान ना, तिची जागा ठेवली त्यांनी." मी मान हलवली आणि खाली बघत राहिले. मैदानावरची तिची खरी जागा जूनमध्येच बुजवली गेली होती, आणि ती बुजवायला मी सांगितलं होतं.

ड्रम कोअर म्हणजे काय, हे पुण्यात माझ्या बहिणीला मी अनेकदा समजावलं आहे आणि दर वेळी ती म्हणते, "म्हणजे ढोलपथकच ना?" नाही. इथे पितळी वाद्यं, ड्रम आणि रंगीत निशाणं घेतलेली माणसं फुटबॉलच्या मैदानावर अकरा मिनिटं वाजवत चालतात, आणि चालता चालता आकृत्या करतात. प्रत्येक आकृतीत प्रत्येकाचा एक ठरलेला बिंदू असतो, त्याला डॉट म्हणतात. गळ्यात दोरीने अडकवलेल्या छोट्या वहीत आपापले डॉट लिहिलेले असतात : मधल्या रेषेपासून चार पावलं डावीकडे, पुढच्या रेषेपासून सहा मागे. वर स्टँडमध्ये परीक्षक बसतात. एक माणूस आला नाही की वरून ते दात पडल्यासारखं दिसतं. त्याला इथे सरळ 'होल' म्हणतात, भोक, आणि भोक दिसलं की गुण जातात. म्हणून सीझनच्या मध्यावर कधीतरी ठरवावं लागतं : भोक ठेवायचं, की सगळ्यांना थोडंथोडं सरकवून बुजवायचं. एकदा बुजवलं की बुजवलं. सगळ्यांच्या वह्या बदलतात, मग परत आलेल्या माणसाला उभं राहायला जागाच उरत नाही.

मला यात शरयूनेच ओढलं. इरा शाळेत असताना निशाणं फिरवायची. तिला सोडायला शरयू मेडनहेडजवळच्या सरावाच्या मैदानावर जायची, आणि एका रविवारी नुसतं बसून कंटाळा आला म्हणून तिने कुणाचा तरी मेलोफोन मागून घेतला. मेलोफोन म्हणजे फुगवलेल्या ट्रम्पेटसारखं दिसणारं वाद्य. नागपूरला कॉलेजात एनसीसीच्या बँडमध्ये तिने दोन वर्षं बिगूल वाजवला होता. इतक्या वर्षांनी ओठ लावले तर पहिला सूर म्हशीसारखा निघाला, असं तीच सांगायची. आमच्या कोअरमध्ये वयाची अट नाही, सोळा वर्षांच्या मुलींच्या शेजारी साठीचा प्लंबर उभा असतो. इरा युनिव्हर्सिटीत गेली, तिची निशाणं सुटली, शरयू मात्र राहिली. मग मला तिचा फोन आला. "तुला याद्या करायला आवडतात ना? ये मग. इथे ट्रकभर सामान आहे आणि कुणाला काही सापडत नाही." मी काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत काम करते, सापडत नाही हे वाक्य मला सहन होत नाही. गेले, आणि महिन्याभरात कोच (इथे लांबच्या प्रवासाच्या बसला कोच म्हणतात), ट्रक, गणवेश, मुक्कामाच्या हॉलच्या किल्ल्या, कुणाला कशाची ॲलर्जी त्याचा तक्ता आणि हजेरी, सगळं माझ्याकडे आलं. शरयू मला 'मॅनेजरबाई' म्हणायला लागली.

ती स्वतः कुठल्याच यादीत बसायची नाही. कोच सात वाजता निघणार असेल तर ही सात वाजून चार मिनिटांनी एका हातात मेलोफोन आणि दुसऱ्या हातात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन धावत यायची, आणि ड्रायव्हरला आधी पुरी द्यायची म्हणजे तो काही बोलायचा नाही. दिवसभर वाजवून वादकांचे ओठ फुटतात. बाकीचे महागड्या मलमांच्या ट्यूब घेऊन फिरत. शरयूच्या खिशात तुपाची डबी असे. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी एका उन्हाळी शिबिरात मी पाहिलं, मेलोफोनच्या अख्ख्या रांगेतून ती डबी हातोहात पुढे जात होती आणि प्रत्येक जण करंगळीने तूप लावत होता. मी सामानाच्या यादीत 'तूप, एक बरणी' असं लिहिलं. ग्रॅहमने ती यादी वाचली. हा आमचा ड्रिल आखणारा, म्हणजे सगळ्यांचे डॉट ठरवणारा, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. त्याने विचारलं, "हे कुठल्या वाद्यासाठी लागतं?"

मागच्या डिसेंबरात तिच्या पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं. फोनवर तिने मला ते तीन वाक्यांत सांगितलं आणि चौथ्या वाक्यात म्हणाली, "आता तू तक्ता कर बाई. मला कुठला आठवडा बरा, कुठला वाईट, काही कळत नाही." मी केला. दर तीन आठवड्यांनी केमो. पहिला आठवडा लाल, दुसरा पिवळा, तिसरा हिरवा. हिरव्या आठवड्यात ती सरावाला यायची, सुरुवातीला. मार्चमध्ये आली, एप्रिलमध्ये आली, नवीन डॉट पाठ केले. मे महिन्यात हिरवा आठवडाही हिरवा राहिला नाही. ओळीने पाच सराव बुडले. दर वेळी फोन यायचा, "पुढच्या रविवारी नक्की." आणि जूनमध्ये एकदा, आवाज अगदी बारीक झालेला असताना, ती म्हणाली, "माझी जागा ठेव हं. बाकी मला काही नको. सप्टेंबरात एकदा, फायनलला एकदा मला तिथे उभं राहायचंय."

"ठेवते," मी म्हटलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी ग्रॅहम माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात कागदांची गुंडाळी होती. तो म्हणाला, "आज मला ठरवावं लागेल. तू तिची मैत्रीण आहेस. खरं सांग, ती येईल का?" माझ्यासमोर हजेरीचा तक्ता उघडा होता. तिच्या नावापुढे रिकामे चौकोन. मी ते चौकोन पाहिले, ती मैदानावर कोसळली तर काय करायचं याचा विचार केला, बाकीच्या सगळ्यांनी वर्षभर घेतलेल्या मेहनतीचा केला, रुग्णवाहिका मैदानाच्या कुठल्या फाटकातून आत येईल याचासुद्धा केला. सगळे विचार अगदी व्यवस्थित होते. तिला एक फोन करावा, हा एक विचार मी केला नाही. मी म्हटलं, "बुजव." त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

तीन आठवड्यांनी शरयू आली. डोक्यावर टोपी, गळ्यात वही, हातात मेलोफोन. या खेपेला वेळेवर. मी ट्रकमागे गणवेशाच्या पेट्या लावत होते, ती आलेली मला कळलीच नाही. बाहेर आले तेव्हा ती मैदानावर मधल्या रेषेपासून पावलं मोजत चालली होती. ओठ हलत होते. चार डावीकडे, सहा मागे. तिथे कर्स्टी उभी होती, तिच्याच रांगेतली. कर्स्टीचा चेहरा पांढरा पडला. शरयू "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरली, वही उघडून पुन्हा पाहिली, आणि तिला कळलं. ती सावकाश चालत माझ्याकडे आली.

"मॅनेजरबाई, माझी जागा गेली वाटतं."

"ग्रॅहमला ड्रिल फायनल करावं लागलं गं," मी म्हटलं. शब्द न् शब्द खरा होता.

तिने वही मिटली. "बरोबर आहे त्याचं. माझ्यासाठी भोक ठेवून कोण स्पर्धेला उतरेल?" मग मेलोफोन खाली ठेवून म्हणाली, "चल, मला कुठल्या तरी यादीत घाल. नुसती बसणार नाही मी." माझ्या हातात क्लिपबोर्ड होता. मी लिहिलं : 'शरयू – पाणी.' तिने ते वाकून वाचलं आणि म्हणाली, "प्रमोशन झालं."

सप्टेंबरात फायनल झाली. तो तिचा बरा दिवस होता, कित्येक महिन्यांतला सगळ्यांत बरा. सकाळपासून तिने बाटल्यांचे क्रेट उचलले, स्टेडियमच्या पायऱ्या चढली-उतरली, पोरींच्या वेण्या घातल्या, तूप फिरवलं. आमची वेळ आली तेव्हा आम्ही दोघी मैदानात उतरायच्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या होतो. वाजायला लागल्याबरोबर तिची उजव्या हाताची बोटं पाण्याच्या बाटलीवर पडायला लागली. एक, दोन, एक-तीन... वाद्याच्या कळा दाबाव्या तशी. पाय जागच्या जागी चालत होते. एकही सूर चुकला नाही. मी मैदानाकडे बघायला हवं होतं, मी तिच्याकडेच बघत होते. अकरा मिनिटं ती न दमता, न थांबता चालली, दोन फरशांवर. संपल्यावर माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "हे तर जमलं असतं गं मला."

"हो," मी म्हटलं.

आम्ही पाचवे आलो. चौथ्याच्या बरेच खाली, सहाव्याच्या बरेच वर. तिची जागा मोकळी ठेवली असती, किंवा ती तिथे उभी राहून अर्ध्यातच थांबली असती, तरीही पाचवेच आलो असतो. हा हिशेब मी नंतर इतक्या वेळा करून पाहिला आहे की तो आता मला झोपेतही येतो. माझा तक्ता बरोबर होता. जूनमध्ये तो कुणालाही दाखवला असता तरी त्याने हेच सांगितलं असतं. त्याने माझं काहीही हलकं होत नाही.

परतीच्या कोचमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. बाहेर अजून उजेड होता. मागे पोरं गात होती. तिने डोकं काचेला टेकवलं होतं, मला वाटलं झोपली. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "तू भांडली असशील ग्रॅहमशी माझ्यासाठी. मला माहितीये." मी मांडीवरची परतीची हजेरी पुन्हा मोजायला घेतली. तिने माझा हात थोपटला... जणू मीच हरले होते आणि ती माझी समजूत घालत होती.

त्यानंतर सतरा दिवस. शेवटचे नऊ हॉस्पिटलमध्ये. मी रोज जायचे. अविनाशच्या डब्याची पाळी लावली, भेटायला येणाऱ्यांच्या वेळा लावल्या, इराच्या ट्रेनची तिकिटं काढली. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत सगळ्यांत खाली एक ओळ असायची : 'शरयूला सांगणे.' कधी नर्स असायची, कधी इरा, कधी तिला झोप लागलेली असायची. एकदा तिथे कुणीच नव्हतं आणि ती जागी होती. मी तिला उद्या कोण येणार आहे ते वाचून दाखवलं. ती ओळ रोज दुसऱ्या दिवसाच्या यादीत जात राहिली. एका पहाटे अविनाशचा फोन आला आणि त्या दिवसाच्या यादीतही ती ओळ होती. अजून मी ती खोडलेली नाही. झालं म्हणून खोडता येत नाही, आणि रद्द म्हणूनही खोडवत नाही.

इथवर लिहिलेलं मी छापायला पाठवण्याआधी अविनाशला वाचायला दिलं. त्याला माझ्या तोंडून ऐकवायची हिंमत माझ्यात नव्हती, हेही त्यात आलंच. दोन दिवसांनी तो आणि इरा आमच्याकडे आले. त्याने कागद टेबलावर ठेवले, त्यांच्या कडा नीट जुळवल्या आणि म्हणाला, "तुपाचं लिहिलंस ते बरं केलंस." चहाही घेतला नाही. जाताना त्याने एक पिशवी दिली. आत कोअरचा गणवेश होता, जो मी एप्रिलमध्ये दिला होता आणि नंतर परत मागितला नव्हता. धुतलेला, इस्त्री केलेला.

ते गेल्यावर तपासून कपाटात लावायचा म्हणून मी जॅकेट उलटं केलं. दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या होत्या, हाताने, बारीक टाके घालून, प्रत्येकी जवळजवळ तीन बोटं. मी इराला फोन लावला.

"हो, आईने केला ते," ती म्हणाली. "फायनलच्या आधीच्या वीकमध्ये. मी बोलली, आई, पण तू तर वॉटरवर आहे ना? ती म्हणाली, लास्ट मिनिटला कोणी सिक झाला तर? मी रेडी पाहिजे."

हिवाळी सराव सुरू झाले आहेत. मेलोफोनच्या रांगेत एक नवीन बाई आली आहे, शाळेच्या ऑफिसात काम करणारी, सालस. तिची मापं घेतली. शरयूच्या आजारापूर्वीच्या मापांशी ती इंच न् इंच जुळतात, आणि दुसरं जॅकेट त्या मापाचं शिल्लक नाही. रविवारपर्यंत द्यायचं आहे. यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं आहे : 'जॅकेट – दोन्ही बाजू उसवणे.' तीन संध्याकाळी कात्री घेऊन बसले. आज शुक्रवार. एकही टाका निघालेला नाही.