मुकर्रम आपांची नजर

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात लग्न निघालं, की पलोवचे, म्हणजे आमच्याकडच्या पुलावाचे, तांदूळ निवडायला सर्वांत आधी बसतात त्या मुकर्रम आपा. साठी आली तरी डोळ्यांना चष्मा नाही, याचा त्यांना भारी अभिमान. पेशाने त्या दातांच्या डॉक्टर. मी त्यांच्याच दवाखान्यात नवी डॉक्टर. मी दात मोठे करून दाखवणारा भिंगांचा चष्मा घेतला, तेव्हापासून त्या मला घड्याळजी म्हणू लागल्या. पेशंट आला की विचारायच्या, दात दाखवायचाय की घड्याळ?

त्या हिवाळ्यात त्यांची बालमैत्रीण ओयदिन गाल धरून आली. पुतण्याच्या लग्नापासून तिची डावीकडची दाढ चावताना कळ मारत होती. एक्स-रेमध्ये काही नव्हतं. आपांनी दिवा फिरवून फिरवून पाहिलं आणि दाढ काढायचं ठरवलं. वय झालं, म्हणाल्या. ओयदिनचा चेहरा उतरला. त्या बाजूला चावण्याजोगी तिची तेवढी एकच दाढ उरली होती.

मी माझा चष्मा पुढे केला. आपांनी हाताने बाजूला सारला. "माझ्या नजरेला काय झालंय?"

"नजर तुझी असेल, दाढ माझी आहे," ओयदिन म्हणाली. "घाल गुमान."

आपांनी घातला आणि सवयीने तोंडात शिरल्यासारख्या वाकल्या. इतक्या जवळून भिंगातून सगळं धूसरच दिसणार. मी खांदे धरून त्यांना मागे ओढलं, तेव्हा त्यांना नीट दिसलं. दाढेवर केसासारखा बारीक तडा होता.

"पलोव खाताना काही कडक लागलं होतं का गं?"

"खडा."

"मग बोलली का नाहीस?"

"तांदूळ तू निवडले होतेस. चारचौघांत काय बोलू?"

तडा वरवरचाच होता. दाढ वाचली. ओयदिनच्या हट्टापायी आपांनी दाढेवर सोन्याची टोपी बसवली, चष्मा न काढता.

वसंतात गल्लीत पुन्हा लग्न निघालं आणि दवाखान्यातून माझा चष्मा गायब झाला. शोधत लग्नघरी गेले, तर अंगणात पसरलेल्या चादरीवर आपा तो घालून बसलेल्या. एकेक दाणा उचलून उजेडात धरत होत्या. बाकीच्या बायकांची परात संपली होती, आपांची वाटीसुद्धा भरली नव्हती. आचारी दोनदा येऊन चुळबुळत गेला.

"राहू दे त्याला ताटकळत," शेजारी बसलेली ओयदिन म्हणाली. "उजवीकडचे दात अजून माझेच आहेत."