डाव्या हाताची बटणं

तलासरी नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासचं शटर वर केलं, की विनोद आधी उदबत्ती लावायचा आणि मग कोपऱ्यातल्या मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम उघडायचा. खेळायचा मात्र नाही. सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण बदलायचा, गाडी जराशी पळवून बघायचा, ती वळणावर नीट वळली की गेम बंद करून झाडू हातात घ्यायचा.

विनोद झरीचा. क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवणं, झेरॉक्स काढणं आणि क्लास सुटला की गेमला चिकटलेल्यांना उठवणं, हे त्याचं काम. त्याची बायको बायजी कैनाडची, आणि योगिता ही बायजीची धाकटी बहीण.

योगिता गुजरातच्या हद्दीतल्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या बनवायच्या मशीनवर होती. २०१५च्या उन्हाळ्यात त्या मशीनने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. त्यानंतर तो हात ओढणीखाली गेला तो गेलाच. पाहुणे आले की ती मागच्या दाराने बाहेर पडायची. शेवटी विनोदच सासूला म्हणाला, "तिला झरीला आमच्याकडे पाठवा. टायपिंग शिकेल. बसून करायचं काम मिळेल कुठेतरी."

पण टायपिंगला बसली की तिचे डोळे भरायचे. अक्षरं उजवीकडेही होती, आणि तिकडे जायला बोटं नव्हती. विनोद काही दिवस बघत राहिला. मग म्हणाला, "अक्षरं राहू दे. आधी गाडी चालव."

तिने डावा हात ठेवला आणि गाडी पळाली. वळणं, ब्रेक, सगळं डाव्या बोटांखाली होतं. जोरात सुटायचं बटण तेवढं लांबोडकं, खालचं. ते दाबायला उजवा अंगठा लागायचा, म्हणून तो हात ओढणीतून बाहेर आला. कधी आला, हे तिलाही कळलं नाही.

महिन्याभरात ती पहिली येऊ लागली. शेजारच्या मशीनवरून विनोद मुद्दाम ओरडायचा, "मेव्हणीबाई, रस्ता काय माझ्या सासऱ्याचा आहे? जरा बाजूला!"

"दाजी, तुम्ही बैलगाडीच हाका. ती बरी तुम्हाला!"

गेमनंतर तीच टायपिंगला बसायची. उजव्या अंगठ्याला आणि उरलेल्या बोटांना हळूहळू वाटा सापडत होत्या. कैनाडला गेली की आईला सांगायची, "दोन हातवाल्या पोरांना हरवते मी." हे सांगताना तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा लागायचा.

क्लासच्या शेठने मशीनमध्ये अशी सोय करून ठेवली होती, की बंद केलं की दिवसभरातलं सगळं पुसलं जावं. पोरं नको ते भरून ठेवतात म्हणून. त्यामुळे विनोदने लावलेली बटणंही रोज पुसली जायची. योगिताला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, गेम असाच असतो.

चैत्रात विनोद आणि बायजी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेले. क्लास त्या दिवशी विनोदच्या जोडीला काम करणाऱ्या मनिषने उघडला. योगिता बसली आणि तिची गाडी सुटल्या सुटल्या भिंतीवर गेली. पुन्हा बसली, पुन्हा भिंत. बटणं आपल्या मूळ जागी, उजवीकडे परतली होती.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

मनिष हसला. "बिघडलं नाही, आज सुधारलंय! दाजी रोज येऊन तुझी बटणं बसवतो. बाकीच्या गाड्यापण हळू करून ठेवतो. नाहीतर तू काय पहिली येतेस!"

ती उठली. हात ओढणीखाली घेऊन वडाप जीपमध्ये बसली ती थेट कैनाडला उतरली.

विनोद दुसऱ्या दिवशी जत्रेची मिठाई घेऊन कैनाडला आला. ती दारातच म्हणाली, "माझी कीव करायला मी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, बटणं बसवली मी. गाड्यांना हात लावला नाही."

"खोटं."

त्याने मिठाई ओटीवर ठेवली आणि तो गेला. योगिता परत क्लासला गेली नाही. टायपिंग अर्ध्यावर राहिलं. पुढे ती डहाणूला चिकूच्या वखारीत फळं निवडायला लागली. सणाला गाठ पडली तर दाजींना पाणी द्यायची आणि आत जायची.

नंतर फोनवर नेट स्वस्त झालं. पोरं घरीच खेळू लागली, क्लास ओस पडला, शेठने मशीनं विकली. २०१७मध्ये दसरा झाला आणि विनोद गावातल्या माणसांबरोबर खलाशी म्हणून गुजरातेत वेरावळच्या मासेमारी बोटीवर गेला. होळीला परत येणार होता.

डिसेंबरात झरीच्या एका लग्नात मनिष भेटला. बोलता बोलता म्हणाला, "त्या दिवशी मी तुझी चेष्टा केली आणि तू खरंच धरून बसलीस! गाड्या कधी हळू नव्हत्या गं. मीच एकदा म्हणालो होतो त्याला, करू या हळू, खूश होईल. माझ्यावरच उखडला. म्हणाला, तिला जिंकू दे तिचं तिला."

योगिताने ताट खाली ठेवलं. भात गार झाला.

संक्रांतीनंतर बोट बंदराला लागली, तेव्हा विनोद तिच्यावर नव्हता. जाळं ओढताना पाय अडकून पाण्यात गेला, असं बरोबरच्यांनी सांगितलं. त्याच्या बापाने बंदरावर जाऊन त्याची कपड्यांची पेटी उतरवून घेतली.

त्याचा शेवटचा फोन संक्रांतीच्या आदल्या पंधरवड्यात आला होता, बोट निघायच्या सकाळी. बायजी पाण्याला गेलेली, म्हणून तिच्याकडे झरीला आलेल्या योगितानेच उचलला. दाजी म्हणून हाक मारली. मनात झरीच्या त्या लग्नापासून वाक्य तयार होतं. तिकडून इंजिनाचा आवाज येत होता.

"दाजी, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"होळीला सांग गं, बोट सोडायचीय म्हणून तांडेल बोंबलतोय इथे. आणि बायजीला म्हणावं, कोंबड्या नीट झाकत जा, रानमांजर फिरतंय."